बिर्गिटबाईंना काम द्या

कुमुदिनीबाईंची रजा मंजूर झाली, पण अट घालून. द्वारकाबाई स्मारक बालकाश्रमाच्या कार्यकारी मंडळाने ठराव केला होता की, ‘बदली व्यक्ती उपलब्ध होताच अधीक्षिकांना एक महिन्याची रजा द्यावी.’ अकरा वर्षांत बाईंनी रजेचा अर्ज केला तो हा पहिलाच. बदलापूर गावाबाहेर सोनिवलीच्या रस्त्यावर ती कौलारू इमारत. तिथे सत्तावीस मुलं, स्वयंपाकाला गोजरबाई आणि बाकी सगळ्याला कुमुदिनीबाई. बदली व्यक्ती आणायची कुठून, हे ठरावात लिहिलं नव्हतं. ठरावात असलं काही लिहीत नाहीत.

रजेचं कारण साधं होतं. बाईंची एकुलती एक लेक उमा जुन्नरला दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण खरं म्हणजे माहेरी. पण उमाचं माहेर म्हणजे आश्रमातली दहा बाय बाराची खोली, आणि त्या खोलीच्या दारात सकाळी सहापासून कुणाचा तरी सदरा फाटलेला असायचा, कुणाचं तरी नाक वाहत असायचं. तेव्हा लेकीने माहेरी यायच्या ऐवजी माहेरानेच उठून सासरी जायचं ठरलं. वीस मेच्या आत जुन्नर गाठायचं, एवढंच बाईंना हवं होतं. जगाकडे त्यांचं दुसरं काही मागणं नव्हतं.

आणि चमत्कार म्हणा, बदली व्यक्ती मिळाली. ती मिळवली दिनानाथांनी. दिनानाथ मंडळाचे चिटणीस. त्यांचं इंग्रजी इतकं भारी होतं की ते सहसा कुणाला कळत नसे. त्यांनी डेन्मार्कच्या कुठल्याशा संस्थेला चार पानी पत्र धाडलं होतं. संस्थेने त्यातला मतलब ओळखला असावा, उत्तर आलं की बिर्गिट नावाची बावीस वर्षांची मुलगी तीन मेला येत आहे, तीन महिने राहील आणि पडेल ते काम करील. ते साल होतं एकोणनव्वद.

“ती आली की तिसऱ्या दिवशी मी निघते,” कुमुदिनीबाई मंडळाच्या बैठकीत म्हणाल्या.

“निघा की. ठरावच आहे,” अध्यक्ष अण्णा म्हणाले. “फक्त आधी स्वागत होऊ दे. एवढ्या लांबून येतेय पोरगी.”

अण्णा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून मॅनेजर म्हणून रिटायर झालेले. मनाने माणूस लाखात एक. आश्रमासाठी उन्हातान्हात वणवण करायचे, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवताना त्यांचे डोळे भरायचे. दोष एकच, माईक दिसला की त्यांना राहवत नसे, आणि माईक नसला की ते मागवत.

बिर्गिट आली. विमानतळावर तिच्या गळ्यात तीन हार पडले. बदलापुरात आश्रमाच्या फाटकावर पाच सुवासिनींनी ओवाळलं, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, अण्णांनी शाल पांघरली आणि श्रीफळ दिलं. मे महिना, दुपारचा एक वाजलेला, पत्र्याचा मंडप. पोरगी शालीखाली लालबुंद झाली होती, पण हसत होती. पाठीवरची भलीमोठी पिशवी तिने उतरवली, कुमुदिनीबाईंपाशी आली आणि तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, “काय करू? कुठून सुरू करू?”

तिच्या मागून दिनानाथ घाईने पुढे आले. “नो, नो, मॅडम. यू आर अवर गेस्ट.”

तिथेच सगळं बिघडलं.

आपल्याकडे पाहुणा म्हणजे काय, हे डेन्मार्कात कुणी तिला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने व्हरांड्यातला झाडू उचलला. गोजरबाई चुलीपुढून धावत आली आणि तिने तो हिसकावून घेतला.

“बाय, ठेव ती झाडू. पावन्याला झाडू देलं तं मना पाप लागंल.”

बिर्गिटने बादली उचलली, ती मोठ्या मुलींनी काढून घेतली. तिने एका पोराचं नाक पुसलं, तर शेजारच्या बाईने कुमुदिनीबाईंकडे असं पाहिलं की बाईंनी स्वतः धावत जाऊन ते नाक पुन्हा एकदा पुसलं. शेवटी बिर्गिट खुर्चीवर बसली. खुर्ची अण्णांच्या घरून आली होती. टेबलफॅन दिनानाथांच्या घरून आला होता, आणि तो लावायला दुसरीकडे कुठे प्लग नव्हता म्हणून बाईंनी आपली खोली तिला दिली आणि स्वतः कोठीघरात तांदळाच्या पोत्यांशेजारी अंथरूण घातलं.

मग आमंत्रणं सुरू झाली. गोरी पाहुणी आलीय म्हटल्यावर कोण मागे राहतो? महिला मंडळाच्या पाककला स्पर्धेला ती परीक्षक झाली आणि एकोणीस प्रकारचे ढोकळे खाऊन दोन दिवस पडून राहिली. बुद्धविहाराजवळच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनाला तिच्या हस्ते पुस्तकं वाटली. अण्णांच्या जुन्या कारखान्यात तिने सुरक्षिततेची शपथ दिली. उल्हासनगरला फर्निचरच्या नव्या शोरूमचं उद्घाटन केलं. तिथला सिंधी शेठ स्वतः गाडी घेऊन आला होता. “मॅडमके हाथसे फीता कटेगा तो बरकत आयेगी, साईं,” असं त्याने अण्णांना सांगितलं, आणि अण्णांना ते पटलं.

जिथे जाईल तिथे शाल आणि नारळ. दहा दिवसांत नऊ शाली जमल्या आणि नारळ तर मोजायचंच सोडून दिलं. गोजरबाई रोज नारळाची चटणी, नारळाची आमटी आणि नारळाच्या वड्या करू लागली. पोरं खूष होती, तेवढ्यापुरतं ठीक. पण बाहेर जायचं नसेल त्या दिवशी लोक पाहुणीला बघायला आश्रमात येत. लोक आले की स्वागतगीत. स्वागतगीतात मोठ्या सहा मुली. त्याच सहा मुली एरवी लहानग्यांच्या वेण्या घालायच्या, कपडे वाळत टाकायच्या. आता त्या दिवसभर परकर-पोलकं घालून, गजरे माळून उभ्या. म्हणजे वेण्या कुमुदिनीबाईंकडे, कपडे कुमुदिनीबाईंकडे, वर पाहुणीचं उकळलेलं पाणी, पाहुणीचं बिनतिखटाचं जेवण, पाहुणीच्या पाहुण्यांचा चहा.

आठवडाभराने बाई अण्णांच्या घरी गेल्या.

“अण्णा, माझी रजा.”

“रजा? आत्ता?” अण्णांना खरोखर नवल वाटलं. “अहो, घरात पाहुणा असताना घरची बाई गावाला जाते का?”

“पण पाहुणा आला तो मी जावं म्हणूनच ना?”

अण्णा जरा विचारात पडले. “ते खरं. पण आता आलाय ना,” ते म्हणाले.

बाई परत आल्या आणि तांदळाच्या पोत्याला टेकून रडल्या. पोरांना कळू नये म्हणून तोंडात पदर धरला होता. लेकीचा हात धरायची वेळ, आणि आपण इथे परक्या देशाच्या पोरीला ढोकळ्याचं अजीर्ण झालंय म्हणून ओव्याचं पाणी देतोय, याचा त्यांना भयंकर राग आला होता. रडून झाल्यावर त्यांनी ओवा कुटला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे निजलेले असताना बिर्गिटने डाव साधला. मागच्या नळावर खरकट्या भांड्यांचा ढीग होता. तिने बाह्या सरसावल्या, राख घेतली आणि घासायला बसली. सुरेख घासत होती. पातेल्यात तोंड दिसेल अशी. नेमका त्याच वेळी गावातल्या साप्ताहिकाचा बातमीदार तिची मुलाखत घ्यायला मागच्या दाराने आला, आणि त्याच्या गळ्यात कॅमेरा होता.

साप्ताहिक शुक्रवारी निघालं. पहिल्याच पानावर फोटो आणि वर मथळा: ‘परदेशी पाहुणीवर भांडी घासण्याची वेळ.’

अण्णा दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी तातडीची बैठक झाली. कुमुदिनीबाईंकडून लेखी खुलासा मागवण्यात आला आणि दिनानाथांनी ठराव वाचून दाखवला: ‘पाहुण्या आश्रमात असेपर्यंत अधीक्षिकांनी मुख्यालय सोडू नये, व पाहुण्यांना नळाजवळ एकटे सोडू नये.’

“असेपर्यंत म्हणजे कधीपर्यंत?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे तीन ऑगस्ट,” दिनानाथ म्हणाले. त्यांनी ते अगदी मऊ आवाजात सांगितलं, पण तारखेत फरक पडला नाही.

त्या संध्याकाळी मागच्या पायरीवर दोघी शेजारी बसल्या. दोघींकडे मिळून इंग्रजीचे दीडशे शब्द असतील. दिनानाथांचं इंग्रजी दोघींनाही कळत नसे, एकमेकींचं मात्र छान कळायचं.

“मी परत जाते,” बिर्गिट म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. “दहा दिवस झाले. मी काय केलं? एक दुकान उघडलं. आईला पत्रात काय लिहू?”

“तू घरी काय करतेस?”

“गाई. चाळीस. पहाटे पाचला आम्ही बहिणी दूध काढतो.”

कुमुदिनीबाईंनी तिच्या हातांकडे प्रथमच नीट पाहिलं. तळव्यांना घट्टे होते. चाळीस गाईंची धार काढणारी धट्टीकट्टी पोरगी आपण खुर्चीत बसवून फॅनखाली वाळवतोय, हे कळल्यावर बाईंना जी हळहळ वाटली ती काही विचारू नका. एवढं बळ घरात, आणि भांडी पडलेली.

“माझी मुलगी,” बाई पोटावर हात फिरवून म्हणाल्या. “बेबी. वीस तारीख. मला जायचंय. तू इथे पाहुणी, म्हणून मी इथे.”

“मग मला पाहुणी नका म्हणू,” बिर्गिट म्हणाली.

“ते माझ्या हातात नाही गं.”

पण बोलता बोलता बाईंना गावातल्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर आठवले. मास्तरांना निवृत्तीच्या दिवशी दणकून निरोप दिला होता. ‘तुमच्याविना शाळा ओस पडेल’ इथपर्यंत भाषणं झाली, हेडमास्तर तर रडले. आणि सोमवारी पत्र आलं की मास्तरांना एक वर्ष वाढवून दिलंय. मास्तर मंगळवारी हजर. त्यानंतर वर्षभर त्यांना कुणी ‘या, बसा’ म्हटलं नाही. म्हणणार कसं? सगळं बोलून झालेलं. शिपाई त्यांच्यापुढे चहा ठेवायचा विसरला तो विसरलाच. नोकरीतलं सगळ्यात निवांत वर्ष तेच गेलं, असं मास्तर अजून सांगतात. निरोप समारंभ झालेल्या माणसाला आपल्याकडे मान नसतो.

बाई उठल्या. तशाच चपला घालून अण्णांकडे गेल्या. दिनानाथही तिथे खुलाशाच्या नोटिशीचा मसुदा तपासत बसले होते.

“अण्णा, बिर्गिटबाईंच्या निरोप समारंभाचं काय करायचं?”

“निरोप? अहो, त्या ऑगस्टपर्यंत आहेत.”

“तेच म्हणतेय. ऑगस्टात मंडप घालाल? सोनिवलीच्या रस्त्याला गुडघाभर पाणी असतं. माणसं येणार कशी? परवा रविवार आहे. मे महिना, सगळे सुट्टीला घरी. मंडपही अजून उभा आहे.”

अण्णांनी चष्मा काढला. भर पावसात रिकाम्या खुर्च्यांपुढे आपण निरोपाचं भाषण करतोय, हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला.

“पण निरोप देऊन झाल्यावर त्या राहणार कशा?” दिनानाथांनी शंका काढली.

“राहतील की. साखरपुडा करून ठेवतात आणि लग्न सवडीने करतात ना? तसा समारंभ आत्ता, जाणं सवडीने.”

“लॉजिक आहे,” अण्णा म्हणाले. “दिनानाथ, माईकवाल्याला सांगा.”

रविवारी असा निरोप झाला की पुन्हा होणे नाही. दीडशे माणसं. साडी, शाल, नारळ. बायकांमध्ये थोडी कुजबुज झाली की लग्न न झालेल्या पोरीची ओटी भरायची की नाही. गोजरबाईने निकाल दिला, “लेक जातंय तशी भरा, उगा चर्चा नको.” आणि सगळ्यांनी भरली. अण्णा पाऊण तास बोलले. “ही परदेशाची मुलगी आली आणि आपल्याला लळा लावून चालली,” असं म्हणताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते खरोखरच भरले होते. समोर बायकांनी पदर डोळ्यांना लावले. फर्निचरवाला शेठही उल्हासनगरहून आला होता, तोही रुमाल काढून बसला.

मग बिर्गिटला दोन शब्द बोलायला उभं केलं. कुमुदिनीबाईंनी तिला आदल्या दिवशी शिकवून ठेवलं होतं की आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं. ती माईकपाशी आली, हात जोडले आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, “येते मी.”

टाळ्या थांबेनात. नंतर कुणी खोटं बोललीस म्हणायला जागा नको, म्हणून बाईंनी एवढेच शब्द शिकवले होते.

सोमवारी सकाळी अण्णा मंडपाच्या खुर्च्या मोजायला आले. व्हरांड्यात बिर्गिट गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. परकर-पोलक्यातल्या सहा मुली आता जुन्या फ्रॉकांत, तिच्या मागून कोरडं फडकं फिरवत होत्या. सत्तावीसच्या सत्तावीस पोरांच्या आंघोळी उरकल्या होत्या. अण्णा दारात थबकले. सवयीने त्यांचे हात जोडले गेले, पण पुढे काय म्हणावं ते सुचेना. स्वागत झालेलं होतं. सत्कार झालेला होता. ‘तुम्ही नेहमी आमच्या आठवणीत राहाल’ हेही कालच म्हणून झालं होतं, आणि आठवणीतला माणूस समोर फरशी पुसत होता.

“तुम्ही अजून इथेच?” ते म्हणाले.

“अण्णा, पाय,” बिर्गिट म्हणाली.

अण्णांनी पाय उचलला. तिने खालची फरशी पुसली. त्यांनी दुसरा उचलला.

“अण्णा, निरोप दिला ना काल?” कुमुदिनीबाई आतून ठरावाचं पुस्तक घेऊन आल्या.

“हो. चांगला झाला.”

“म्हणजे आश्रमात आता पाहुणा कुणी नाही.”

अण्णांनी चौफेर पाहिलं. “तसा नाही,” त्यांनी कबूल केलं.

“मग माझं मुख्यालय सुटलं. आणि ही बदली व्यक्ती. ही घ्या सही करायला जागा.”

दिनानाथ असते तर काहीतरी कलम निघालं असतं, पण ते त्या वेळी ऑफिसात होते. अण्णांनी सही केली. मग कुणी चहा विचारील म्हणून जरा वेळ उभे राहिले. कुणी विचारला नाही, सगळे कामात होते. तेव्हा त्यांनी स्वतःच चार खुर्च्या उचलून मंडपाबाहेर नेल्या. असं त्यांनी आश्रमात पहिल्यांदाच केलं, आणि ते त्यांना बरंही वाटलं असावं, कारण मग ते पुन्हा येऊन आणखी चार घेऊन गेले.

मंगळवारी कुमुदिनीबाई कल्याणला गेल्या आणि तिथून जुन्नरची एसटी धरली. मांडीवर गाठोडं: जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, लंगोट, डिंक, अळीव, वेखंड, बाळाच्या अंगाला लावायला तेल. घाट चढताना त्यांनी मनात सगळी कामं लावून टाकली. सकाळी लेकीला शेकशेगडी, मग बाळाची आंघोळ, मग धुणं, मग लाडू. लेकीसाठी अकरा वर्षांत काही करता आलं नव्हतं, ते सगळं या एका महिन्यात करायचं होतं. पदर खोचूनच त्या एसटीतून उतरल्या.

उमा दारातच उभी होती, कमरेवर हात, पोट पुढे, तोंडभर हसू. अजून तिची सुटका झाली नव्हती. बाई वेळेवर पोचल्या होत्या. त्यांनी लेकीला जवळ घेतलं आणि गाठोडं घेऊन थेट स्वयंपाकघराकडे वळल्या.

वाटेत विहीणबाई आडव्या आल्या.

“हे काय, हे काय? ठेवा ते गाठोडं. लेकीच्या घरी आलात म्हणून काय झालं, आमच्या पाहुण्या तुम्ही. अहो, विहीण ओट्याशी राबली तर गाव काय म्हणेल मला?” आणि त्यांनी बाईंचा दंड धरून त्यांना पुढच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीत नेऊन बसवलं. कुणीतरी पंखा लावला. कुणीतरी पायाशी पाटही सरकवला.

“ऐका, विहीणबाई, मी कामाला आलेय,” कुमुदिनीबाई म्हणाल्या. म्हणजे म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात हातात चहा आला. आयता, वाफाळलेला, आल्याचा. वर साय. त्यांनी एक घोट घेतला, मग दुसरा. अर्ध्यात कुणी हाक मारली नाही. कुणाचं नाक वाहत नव्हतं. कप संपेपर्यंत चहा गरमच राहिला, आणि हे शेवटचं कधी झालं होतं ते त्यांना आठवेना. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

उमा हळूच येऊन पाटावर बसली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“आई, तू येऊन सगळं करणार होतीस ना? माझे केस किती गुंतलेत बघ. सासूबाईंना सांग ना, तू काम करणार म्हणून.”

कुमुदिनीबाईंनी लेकीच्या केसांत बोटं घातली आणि खुर्चीच्या पाठीला डोकं टेकलं.

“सांगते गं,” त्या म्हणाल्या. “उद्या सांगते. आज मला जरा पाहुणी राहू दे.”